गुरुवारची झाडलोट

त्या वर्षी मला काहीच वाटत नव्हतं, म्हणून मीटिंग चालवायचं काम माझ्याकडे आलं. ही थट्टा नाही. नव्या मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून जवळजवळ याच शब्दांत सांगितलं. "बाई, तुम्ही कोणाशी भांडत नाही. तुम्हाला राग येत नाही. मला असंच माणूस पाहिजे." मी बरं म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत असे.

हे जाऊन तेव्हा दोनेक महिने झाले होते. पावसाळ्यात कावीळ झाली, आधी कोणाकोणाची झाडपाल्याची औषधं झाली, मग दवाखाना झाला, आणि घरात गणपती यायच्या आत सगळं आटोपलं. लोक म्हणत, रडून मोकळी हो. मला रडू येत नव्हतं. आत दुःख होतं आणि मी ते दाबून धरलं होतं, असंही नव्हतं. आत काही नव्हतंच. डोंबिवलीच्या घरी एकदा पायात काच गेली, ती सासूबाईंना फरशीवरच्या रक्तावरून कळली, मला कळलीच नव्हती. आमटीत मीठ घालायला विसरले तर आम्ही दोघी तशीच आमटी जेवायचो. त्या बोलायच्या नाहीत आणि मला चव लागायची नाही.

आमची शेड ठाण्याला, हायवेच्या पलीकडे, इंडस्ट्रियल इस्टेटीत होती. टीव्हीच्या स्टॅबिलायझरमध्ये रिले नावाचा छोटा स्विच असतो, त्याच्या कॉइली आम्ही बनवायचो. केसाहून बारीक तांब्याची तार प्लॅस्टिकच्या छोट्या रिळावर मशीनने गुंडाळायची. वेढ्याला वेढा लागून बसला पाहिजे, एकावर एक चढता कामा नये. चढला की तारेवरचं व्हार्निश घासतं आणि काही दिवसांनी कोणाच्या तरी घरात ऐन सिनेमात टीव्ही बंद पडतो. गुंडाळून झालं की वरून कागद, आणि कागदावर दोरा बांधून गाठ. बारा-तेरा बायका दिवसभर मान खाली घालून हेच करायचो. त्या वर्षी मला हे काम फार मानवलं. मान खाली घातलेल्या बाईला कोणी काही विचारत नाही.

विचारणारी एकच होती. माझ्या शेजारी, खिडकीजवळच्या बाकावर मावशी बसायची. मॅनेजरपासून वॉचमनपर्यंत सगळे तिला मावशीच म्हणत. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, चापूनचोपून नेसलेलं लुगडं आणि त्यावर कंपनीचा निळा एप्रन. खाडीत कारखान्यांचं पाणी यायला लागलं, मासळी आटली, तशी ती कामाला आली. "आमची मासली कारखान्यांनी खाल्ली, आता कारखानाच मना खायला घालतंय," असं ती हसत हसत सांगायची, आणि सुपरवायझर समोर असला तर जरा मोठ्याने सांगायची. शेडमधल्या निम्म्या बायकांना वाइंडिंग, म्हणजे हे तार गुंडाळणं, तिनेच शिकवलं होतं, मलाही. दोऱ्याला गाठ मात्र ती आमच्यासारखी मारत नसे. लहानपणी जाळी विणलेली, त्यामुळे तिच्या हाताला जाळ्याची गाठ बसलेली. ती गाठ आम्हाला फार वेळखाऊ वाटे. तिचा हात मात्र ती न बघता मारायचा.

दिवस झाल्यावर मी कामावर परत आले तेव्हा सगळ्या जणी आपापल्या ट्रेमध्ये बघायला लागल्या. जणू ट्रेमध्ये कोणी नवीन काही आणून ठेवलं होतं. मावशी तेवढी माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शेवटचा काय बोलला गं तो?"

"पाणी मागितलं," मी म्हटलं.

"दिलास?"

"हो."

"मंग बरा झाला," ती म्हणाली आणि मशीन सुरू केलं. त्यानंतर कित्येक महिने त्यांच्याबद्दल माझ्याशी कोणी चकार शब्द काढला नाही, आणि मावशीनेही परत विचारलं नाही. तिला वाटलं असेल, विचारून झालं.

तर मीटिंगचं. नवे मॅनेजर कुठलंसं ट्रेनिंग करून आले होते आणि त्या ट्रेनिंगचं तेज त्यांच्या चेहऱ्यावर होतं. त्यांनी भिंतीवर एक फळा लावला आणि त्याचे तीन भाग केले. काय चांगलं झालं, काय बिघडलं, पुढे काय करायचं. आठवडा संपताना सगळ्यांनी मिळून तो भरायचा. इस्टेटीतल्या कारखान्यांना विजेसाठी सुट्टीचे वार वाटून दिलेले असत, आमच्याकडे शुक्रवार आलेला. म्हणजे आमचा आठवडा गुरुवारी संपायचा. हे सगळं कशासाठी, तेही साहेबांनी स्पष्ट सांगून टाकलं. माल परत यायचा थांबला नाही तर बारीक तारेचं काम भिवंडीकडच्या एका कंत्राटदाराला द्यायचं मालकांच्या मनात होतं. आणि तशी वेळ आली तर ज्यांचं काम कच्चं, त्या आधी घरी जाणार.

पहिल्या गुरुवारी साहेब स्वतः खुर्ची टाकून बसले आणि कोणी तोंड उघडलं नाही. काय चांगलं झालं? सगळं. काय बिघडलं? काही नाही. पुढच्या गुरुवारी ते बसले नाहीत आणि सगळ्या एकदम बोलल्या. पंखा, चहा, कोणाचा डबा कोणी हलवला, तीन वर्षांपूर्वी कोण कोणाला काय म्हणालं होतं. एकीने दुसरीचं माहेर काढलं. तेव्हा साहेबांनी मला बोलावलं.

मी काही ट्रेनिंग घेतलेलं नव्हतं. पण आत काही नसलं की माणसाला समोरचं बरंच दिसतं. मी साहेबांना म्हटलं, तुम्ही यायचं नाही, आम्ही झाल्यावर सांगू. ते जरा चमकले. एरवी मला असं बोलायची छाती झाली नसती. तेव्हा छातीचा प्रश्नच नव्हता. खुर्च्या काढल्या. खोक्यांचे पुठ्ठे जमिनीवर टाकून गोल बसायचं, म्हणजे कोणी पुढे नाही आणि कोणी मागे नाही. सगळ्यात नवी असेल तिने आधी बोलायचं, कारण जुन्या बोलल्या की नव्या नुसत्या माना डोलावतात. बोलायचं ते मशीनबद्दल, तारेबद्दल, ट्रेबद्दल. बाईचं नाव घ्यायचं नाही. आणि पुढे करायची गोष्ट एकच ठरवायची, आणि पुढच्या गुरुवारी पहिल्यांदा तिचंच विचारायचं, झाली का?

सुरुवात संडासच्या कडीपासून झाली. ती कडी तुटून वर्ष झालं होतं आणि आम्ही एकमेकींना दाराशी उभं करून जायचो. मी ती फळ्यावर लिहिली. साहेब म्हणाले, याचा कॉइलीशी काय संबंध? मी म्हटलं, लावून तर बघा. पुढच्या गुरुवारी कडी लागलेली होती. त्या दिवशी पहिल्यांदा एकीने आपण होऊन सांगितलं की तिच्या मशीनचं काउंटर मधेच अडकतं आणि ती वेढे अंदाजाने मोजते. हे ती दोन वर्षं करत होती. कडी लागली नसती तर आणखी दोन वर्षं केलं असतं.

नाव मावशीने ठेवलं. साहेबांचा इंग्रजी शब्द तिच्या जिभेवर बसेना. आठवड्याचा केर काढायचा ना, मग झाडलोट म्हणा की सरळ, असं तिने ठरवून टाकलं. आणि झाडलोट म्हटल्यावर तिचे नियमही आले. दिवेलागणीनंतर केर काढत नाहीत, लक्ष्मी जाते. म्हणून शेडमधल्या ट्यूब लागायच्या आत आम्ही उठायचंच. आणि केर कोणाच्या पायावर लोटायचा नाही. मी नाव घेऊ नका म्हणून घसा कोरडा केला होता, ते बायकांना या एका वाक्यात पटलं. झाडू बाईच्या पायाला लागू नये हे प्रत्येकीला आईने शिकवलेलंच होतं. आम्ही ते इतकं मनावर घेतलं की पुढचं सगळं त्यातून झालं.

माल परत यायचा कमी झाला. साहेब खूश होते, आणि खुशीत ते मला "तुमची मीटिंग" म्हणायला लागले. मला आनंद झाला नाही. पण गुरुवार मला बाकीच्या वारांहून बरा जायचा, एवढं आठवतं.

मार्गशीर्ष आला. बारीक तारेच्या बायका गुरुवारी उपाशी असायच्या आणि झाडलोट झाली की कपडे बदलायच्या खोलीत एकमेकींना हळदीकुंकू लावायच्या. त्या आधी दार लोटून घ्यायच्या. मला कोणी येऊ नको म्हटलं नाही. दार नुसतं लोटलेलं असायचं, आणि आतलं बोलणं माझी चप्पल वाजली की थांबायचं. मी चपला बदलून गेटवर उभी राहायचे. त्यांना माझं मन जपायचं होतं, हे मला कळत होतं. बायका वाईट नव्हत्या.

घरीही असंच. यांचा एक कप होता, कान तुटलेला. तो टाकू द्यायचे नाहीत. दोन्ही हातांत वाटीसारखा धरून चहा प्यायचे आणि चहा संपल्यावरही धरून बसायचे. तेरावं झालं आणि तो कप फळीवरून गेला. त्यांच्या चपला गेल्या, दाराच्या खिळ्याची छत्री गेली, दाढीचं सामान गेलं. मी विचारलं नाही, सासूबाईंनी सांगितलं नाही. घर एकदम नीटनेटकं झालं.

मावशीच्या ट्रेमधलं काम बिघडत होतं, हे दिवाळीनंतर आम्हाला कळायला लागलं होतं. आधी एखादी कॉइल, मग चार-पाच. वेढे चढलेले असत. ती तार पूर्वी जिथे धरायची तिथून बोटभर बाजूला धरायला लागली होती. भिंग डोळ्याला लावायची आणि मान तिरकी करायची. खिडकीतून ऊन येत असताना म्हणायची, बत्ती कोणी घालवली? निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती. नवरा होडीवर जायचा थांबला होता, मुलाचं कुठे धड जमत नव्हतं, घर तिच्यावर होतं. कच्च्या कामाच्या बायका आधी घरी, हे साहेबांचं वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं होतं.

टिटवाळ्याहून येणारी एक होती, हाताला भलती चपळ. तिने काही न बोलता सुरुवात केली. जेवणाच्या सुट्टीत मावशी हात धुवायला गेली की ती तिच्या ट्रेमधल्या वाईट कॉइली काढून आपल्या मशीनवर नव्याने गुंडाळून परत ठेवायची. मग ठाकुर्लीची एक तिच्या मदतीला गेली. मग आम्ही सगळ्याच. मावशीला कळू नये म्हणून गाठही तिचीच मारायची, जाळ्याची. टिटवाळ्याच्या बाईने ती नुसती बघून उचलली आणि आम्हाला शिकवली. मीही गुंडाळल्या. मला त्यात दया आली वगैरे काही नाही. सगळ्या करत होत्या, मी केलं.

आणि गुरुवारी आम्ही गोल बसायचो. काय बिघडलं? काही विशेष नाही. त्या दिवसांतल्या आमच्या मीटिंगा सगळ्यांत छान झाल्या. कोणी कोणाला तोडत नव्हतं, सगळ्या वेळेत उठत होत्या, फळा भरत होता. साहेबांनी बाहेरचे दोन पाहुणेही आणून त्यांना आमची मीटिंग लांबून दाखवली. सगळ्यांत मोठ्या आवाजात बोलायची ती मावशी. "हल्लीच्या पोरींचा लक्ष नसतंय कामात," असं ती दर गुरुवारी सांगायची आणि आम्ही पुठ्ठ्याच्या कडा कुरतडत ऐकायचो. मला तेव्हा कळायला हवं होतं असं आज कोणी म्हणेल. कळत होतंच. कळण्याने काही हलत नव्हतं.

माघात टिटवाळ्याच्या बाईच्या बहिणीचं लग्न निघालं. ती रजेवर गेली, त्यातच मोठी ऑर्डर आली, जेवणाची सुट्टी अर्धी झाली. मावशीच्या ट्रेमधलं काही आम्ही परत गुंडाळलं, बरंचसं तसंच गेलं. आणि एका गुरुवारी सकाळी खोका परत आला. गिऱ्हाइकाने निवडत बसायचे कष्टसुद्धा घेतले नव्हते. चांगल्या-वाईट, सगळ्या कॉइली होत्या तशा परत.

संध्याकाळी साहेबांनी तो खोका आणून आमच्या गोलाच्या मधोमध ठेवला. ओरडले नाहीत. "मला नाव नको," ते म्हणाले. "पण कारण पाहिजे, आणि आजच पाहिजे. नाहीतर पुढच्या महिन्यापासून ही तार इथे दिसणार नाही." मग ते केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

आधी बोलायचं सगळ्यात नवीने, म्हणून मी त्या मुलीकडे पाहिलं, तिने खाली पाहिलं. मावशीने हात पुढे करून खोका चाचपला, त्यातून एक कॉइल उचलली, कागद सारला आणि वेढ्यांवरून नख फिरवलं.

"कोनी गुंडाललीय ही?" ती म्हणाली. "तार हाय का शेवया? एकावर एक, एकावर एक! हात मोडलं काय तिचं? असल्या बाईला मशीनवर बसवताच कशाला?"

ती चढतच गेली. ठाकुर्लीच्या बाईने तोंडाला पदर लावला होता. मावशीला आमच्या गप्प बसण्याचा राग आला असावा, कारण तिने ती कॉइल माझ्यासमोर धरली, हे बघ म्हणून, आणि धरताना तिचा अंगठा दोऱ्यावर गेला.

अंगठा तिथेच थांबला. मग परत एकदा गाठीवरून फिरला.

तिने कॉइल मांडीवर ठेवली. दुसरी काढली. या वेळी वेढे बघितलेच नाहीत, सरळ गाठीला हात लावला. "माजी," ती म्हणाली. तिसरी काढली. "ही बी माजी." आवाज अगदी साधा होता, बाजारात भाव सांगावा तसा. चौथीला मात्र तिला वेळ लागला. गाठ चाचपली, वेढे चाचपले, परत गाठीवर आली.

"ही चांगली हाय," ती म्हणाली. "गाठ माज्यासारखी हाय, पन माजी नय. मी दोरा डावीकरून घेतंय. हा उजवीकरून आलाय." मग तिने मान वर केली. आमच्या कोणाच्याच चेहऱ्यावर तिची नजर नीट बसत नव्हती, हे मी तेव्हा समोरून पहिल्यांदा पाहिलं. "किती दिस चाललाय ह्या?"

मीटिंग माझी होती. "दिवाळीपासून," मी म्हटलं.

"सगल्याजनी?"

"सगळ्याजणी. मीसुद्धा."

तिने ती कॉइल परत खोक्यात ठेवली. रडेल असं वाटलं, भांडेल असंही वाटलं. तिने नुसतं विचारलं, "मना कोनी इचारला का नय?"

"मावशी, तुम्हाला वाईट वाटलं असतं हो," ठाकुर्लीची बाई रडत म्हणाली.

"मंग वाटू द्याचा व्हता. डोला माजा, वाईट बी मनाच वाटनार व्हता ना? मना वाटला, माजा हात अजून चालतंय. तुमी मना दर गुरवारी हितं बसवून बोलू दिलात." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. ट्यूब लागायच्या होत्या अजून. तिने पुठ्ठा उचलून भिंतीशी नेऊन ठेवला, तो ती दर गुरुवारी ठेवायची, आणि गेली. फळ्यावर मी त्या दिवशी काही लिहिलं नाही. साहेबांना सांगितलं, कारण मिळालंय, ज्याचं आहे ते माणूस स्वतः सांगेल.

घरी आले तर सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी हातपाय धुतले आणि चहा ठेवला. फळीवर दोन कप होते. मी म्हटलं, "त्यांचा कप कुठे ठेवलात?"

त्यांचा हात ताटात थांबला. "कुठला?"

"कान तुटलेला."

"तुला बघवणार नाही असं वाटलं गं."

"मला विचारलं का नाही?" माझा आवाज चढला होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला कशाचा तरी राग आला, आणि तो त्या म्हाताऱ्या बाईचा आला.

त्यांनी ताट खाली ठेवलं. "तू तरी मला कुठं विचारलंस?" त्या म्हणाल्या. "माझा मुलगा होता तो."

त्या उठल्या, रव्याच्या डब्याच्या मागे हात घातला आणि यांच्याच रुमालात गुंडाळलेला कप काढून ओट्यावर ठेवला. म्हणजे टाकला नव्हता. इतके महिने मी रोज रव्याचा डबा काढत होते आणि तो तिथे मागे होता. चहा आम्ही आपापल्या कपातच घेतला. त्या जरा रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, मला रडू आलं नाही.

शनिवारी मावशी सकाळीच केबिनमध्ये गेली. मला बारीक तार दिसत नाही, मला जाडी द्या, असं तिने साहेबांना सांगितलं. पलीकडच्या भिंतीला ट्रान्सफॉर्मरचं एक मशीन होतं, त्याची तार सुतळीसारखी, बोटांना कळणारी. त्यावर बसायला कोणी तयार नसे. साहेबांनी जरा विचार केला आणि हो म्हटलं. तिची नोकरी राहिली. खिडकीजवळची जागा गेली. त्याच आठवड्यात तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू असेल, काढून टाकतील, असं आम्ही धरून चाललो होतो. निघाला काचबिंदू. डावा डोळा गेलेला होता, उजव्यात थेंब घालून जेवढं राहिलंय तेवढं राखायचं. आधी आला असतात तर, असं डॉक्टर म्हणाला म्हणे. हे तिने आम्हाला पुढच्या गुरुवारी गोलात बसून सांगितलं, काय बिघडलं या सदरात, आणि आमच्यापैकी कोणाकडे बोट केलं नाही. पण सांगितलं सगळं, डॉक्टरच्या वाक्यासकट. टिटवाळ्याची बाई रजेवरून परत आली होती, हातावरची मेंदी अजून तशीच होती. ती मावशीचे पाय धरायला गेली, तर मावशीने तिला खाली बसवलं. आधी पुढचं ठरवा म्हणाली.

पुढची गोष्ट तिनेच ठरवली. जिचं काम बिघडलंय तिला तोंडावर सांगायचं. त्याच दिवशी, गोलात येण्याच्या आधी, आणि एकटीला. गोलात मग तिने स्वतः सांगावं, नाहीतर सांगू नये. मी फळ्यावर लिहून घेतलं. पुढे मी बऱ्याच ठिकाणी कामं केली, बरेच साहेब आणि बरेच फळे पाहिले. याहून शहाणा नियम मला कुठे दिसला नाही.

मी खडू ठेवून, आता उठायचं, म्हटलं. तेवढ्यात मावशी म्हणाली, "ही ऱ्हायली."

"कोण?"

"तू. तू कदी बोलत नयस."

"मी तर चालवते, मावशी."

"चालवनारीचा केर कोन काढनार?"

बायका हसल्या. मीही हसले, आणि म्हटलं की माझं काही नाही. मग वाटलं, आत्ताच फळ्यावर काय लिहिलं? मी म्हटलं, माझं बिघडलंय ते सांगते. तुम्ही मार्गशीर्षात दार लोटून घेत होतात, ते मला दिसत होतं. मला हळदीकुंकू नको होतं, पण दार उघडं चाललं असतं. मग मी कपाचं सांगितलं. रव्याच्या डब्यामागे तो होता, आणि सासूबाईंनी मला काय विचारलं, ते. हे चहा संपला तरी तो कप दोन्ही हातांत धरून बसायचे, हे सांगताना मी हात तसे धरून दाखवले. मग ते हात मला खाली घेता येईनात.

ट्यूब लागल्या. दिवेलागण झाली होती, आणि कोणीही उठलं नाही.

माझ्या निळ्या एप्रनवर काळे ठिपके पडत होते आणि ते कशाचे हे मला क्षणभर कळलं नाही. आवाज निघत नव्हता. सगळ्या जणी बघत होत्या, पण या वेळी कोणी मान खाली घातली नाही. गोलात माझ्या बरोब्बर समोर मावशी बसली होती. तिने मान तिरकी करून उजवा डोळा माझ्याकडे लावला.

"रडतंस काय गं?" तिने विचारलं. "हितून मना दिसत नय. सांग."

"हो," मी म्हटलं. "रडतेय."

"मंग बरा झाला," ती म्हणाली.